दख्खनमधील श्येनमृगया : घोडेस्वार, ससाणा आणि सह्याद्रीचा भूगोल

प्रस्तावना

मंगोलियाच्या पश्चिम टोकाला असलेल्या बायन-ओल्गी प्रांतातील कझाक शिकारी घोड्यावर बसून, हातावर सोनेरी गरुड घेऊन बर्फाळ डोंगरांत कोल्ह्यांची शिकार करतात. ओल्गी येथे १९९९पासून भरणाऱ्या गरुड महोत्सवामुळे आणि २०१६ साली प्रदर्शित झालेल्या ‘द ईगल हंट्रेस’ या माहितीपटामुळे ही परंपरा जगभर परिचित झाली. आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीही तिची छायाचित्रे व चित्रफिती पाहिलेल्या असतात. त्यातून दोन प्रश्न हमखास पुढे येतात. आपल्याकडे असे काही होते काय? आणि असल्यास ते कोठे गेले?

या प्रश्नांचे उत्तर इतिहास, प्राणिशास्त्र, भूगोल, भाषाशास्त्र आणि कायदा या पाच विषयांत विखुरलेले आहे. ते एकत्र मांडून दख्खनमधील श्येनमृगयेचे, म्हणजे शिकविलेल्या शिकारी पक्ष्यांच्या साहाय्याने केलेल्या शिकारीचे, स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मुळशीसारख्या डोंगराळ तालुक्यात अध्यापन करणाऱ्यांना या विषयाचे विशेष महत्त्व आहे. या परंपरेचा नायक असलेला ससाणा येथील कड्यांचा रहिवासी आहे, आणि त्याचे पुढे काय होणार हे काही अंशी आपण वर्गात काय शिकवितो यावर अवलंबून आहे.

पक्षी शिकविण्याचे तत्त्व

शिकारी पक्षी पाळीव होत नाही, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी लागते. कुत्रा किंवा घोडा हे कळपाने राहणारे प्राणी आहेत. माणसाचा सहवास, शाबासकी, धाक यांना ते प्रतिसाद देतात. ससाणा किंवा गरुड एकांडा असतो. त्याला धन्याविषयी कृतज्ञता नसते आणि शिक्षेचा अर्थही कळत नाही. शिक्षा केल्यास तो फक्त दूर जातो. त्यामुळे त्याचे सारे शिक्षण अन्नावर उभे असते. माणसाच्या हातावर परतल्यास श्रमावाचून घास मिळतो, एवढी एकच गोष्ट त्याला शिकवावयाची असते.

यासाठी जगातील बहुतेक सर्व परंपरांत साधने सारखीच दिसतात. डोळे झाकणारी चामड्याची टोपी घातली की पक्षी शांत राहतो, कारण त्याची भीती मुख्यतः दृष्टीतून येते. पायांत चामड्याच्या वाद्या आणि घुंगरू बांधलेले असतात. घुंगराच्या आवाजावरून झाडोऱ्यात बसलेला पक्षी सापडतो. हातात जाड मोजा असतो, आणि दूर गेलेल्या पक्ष्याला परत बोलाविण्यासाठी दोरीला पंख व मांस बांधून फिरविण्याचे आमिष असते. सर्वांत अवघड भाग वजनाचा. पोट भरलेला पक्षी उडून झाडावर बसतो आणि खाली येत नाही, तर उपाशी व अशक्त पक्षी शिकार करू शकत नाही. या दोहोंमधील नेमके वजन रोज राखणे हेच शिकविणाऱ्याचे खरे कौशल्य होय.

मादी नरापेक्षा मोठी असणे हे शिकारी पक्ष्यांचे आणखी एक वैशिष्ट्य. बहिरी ससाण्याच्या मादीचे वजन साधारण एक किलोपर्यंत भरते, नर सहाशे-सातशे ग्रॅमचा असतो. त्यामुळे मोठ्या भक्ष्यासाठी मादीच पसंत केली जाते. सोनेरी गरुडाची मादी चार ते साडेसहा किलो वजनाची असते. एवढा भार पसरलेल्या हातावर तासन्‌तास पेलणे अशक्य आहे, म्हणून कझाक शिकारी खोगिराला ‘बाल्दाक’ नावाचा दुबेळक्याच्या आकाराचा लाकडी टेकू लावतात आणि त्यावर हात टेकवून घोडा हाकतात. उंच कड्यावरून कोल्हा हेरावयाचा, गरुड सोडावयाचा आणि तो कोल्ह्याला दाबून धरीपर्यंत घोडा फेकत तेथे पोहोचावयाचे, असा हा क्रम आहे. घोडा नसेल तर गरुड पेलता येत नाही आणि त्याच्यामागे वेळेवर पोहोचताही येत नाही. काही वर्षे शिकार केल्यानंतर गरुडाला पुन्हा रानात सोडून देण्याची प्रथाही या परंपरेत आहे.

संस्कृत ग्रंथांतील श्येनविद्या

भारतीय वाङ्मयात श्येन पक्षी फार प्राचीन आहे. ऋग्वेदात तो सोम आणतो, यज्ञवेदीला त्याचा आकार दिला जातो, महाभारतात शिबी राजाच्या कथेत तो कपोताचा पाठलाग करीत येतो. परंतु हे सारे उल्लेख पक्ष्याच्या सामर्थ्याविषयीचे आहेत. पक्षी पकडून शिकविण्याच्या विद्येची पद्धतशीर मांडणी दख्खनच्या संदर्भात ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ या ग्रंथात आढळते.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११२९-३०च्या सुमारास हा संस्कृत कोशग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. या घराण्याच्या सत्तेखाली आजच्या महाराष्ट्राचाही बराच भाग होता. दळणकांडण करणाऱ्या महाराष्ट्रातील स्त्रियांच्या ओवीचा उल्लेख याच ग्रंथात येतो, म्हणून मराठीच्या अभ्यासकांना तो चांगला परिचित आहे. शंभर अध्यायांच्या या ग्रंथाचे पाच भाग असून प्रत्येकास ‘विंशती’ म्हटले आहे. चौथ्या ‘विनोद’ विंशतीत राजाच्या करमणुकीचे वीस प्रकार सांगितले आहेत. मल्लविनोद, मेषविनोद, सारमेयविनोद यांच्या मालिकेत ‘श्येनविनोद’ येतो, आणि त्यात पक्षी पकडणे, सरावणे व शिकारीस सोडणे यांचा विचार केलेला आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन कृष्ण श्रीगोंदेकर यांनी या ग्रंथाचे संपादन केले. त्याचे तीन खंड १९२५, १९३९ आणि १९६१ या वर्षी प्रसिद्ध झाले.

या विषयावरील स्वतंत्र संस्कृत ग्रंथ म्हणजे कुमाऊँचा राजा रुद्रदेव याचे ‘श्यैनिकशास्त्र’ होय. १९१० साली हरप्रसाद शास्त्री यांनी त्याचे संपादन कलकत्त्याहून प्रसिद्ध केले. या ग्रंथातील वर्गीकरण आजच्या प्राध्यापकांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहे. शिकारी पक्ष्यांचे ‘कृष्णाक्ष’ व ‘पाटलाक्ष’, म्हणजे काळ्या डोळ्यांचे व गुलाबी डोळ्यांचे, असे दोन गट त्यात केले आहेत. फारसी परंपरेतही ‘स्याहचश्म’ व ‘गुलाबचश्म’ असेच दोन गट होते. बहिरी व शाही ससाणा पहिल्या गटात, तर बाज व शिक्रा दुसऱ्या गटात मोडतात. हा भेद वरवरचा वाटतो, परंतु तो खरा आहे. काळ्या डोळ्यांचे पक्षी उंचावरून सूर मारून मोकळ्या आकाशात भक्ष्य टिपतात. पिवळ्या-तांबड्या डोळ्यांचे पक्षी झाडीतून जवळचा, वेगवान पाठलाग करतात. पक्ष्यांच्या जनुकीय रचनेवरील २००८ सालच्या व्यापक अभ्यासाने ससाण्यांचे कुल हे गरुड-घारींपेक्षा पोपटांच्या व चिमण्यांसारख्या पक्ष्यांच्या अधिक जवळचे असल्याचे दाखविले. एकमेकांसारखे दिसणारे हे दोन गट मुळात वेगळे आहेत, ही गोष्ट पक्षी हाताळणाऱ्यांनी केवळ निरीक्षणातून काही शतके आधीच ओळखली होती.

दख्खनचे दरबार आणि घोडेस्वार

घोडा आणि शिकारी पक्षी यांची जोडी दख्खनमध्ये स्पष्टपणे दिसते ती सुलतानशाहीच्या काळातील चित्रांत. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा घोड्यावर बसून हातावर शिकारी पक्षी घेऊन निघाला आहे, असे फर्रुखबेग या चित्रकाराचे सोळाव्या शतकाच्या अखेरीचे चित्र सेंट पीटर्सबर्ग येथील संग्रहात आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे चित्र चांदबिबीचे आहे. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) निजामशाही घराण्यात जन्मलेली, विजापूरच्या आदिलशाहीत दिलेली आणि १५९५-९६मध्ये मोगल फौजेविरुद्ध अहमदनगरचा किल्ला लढविणारी ही राणी घोड्यावर स्वार होऊन हातावर पक्षी घेऊन चालली आहे आणि सोबत सेवक आहेत, असे इ. स. १७००च्या सुमाराचे एक दख्खनी चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

या चित्राचा पुरावा म्हणून उपयोग करताना मात्र सावधगिरी बाळगावी लागते. ते चांदबिबीच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी काढलेले आहे. ती स्वतः श्येनमृगया करीत असे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की, पराक्रमी स्त्रीचे स्मरण करावयाचे झाल्यास तिला घोड्यावर बसवून तिच्या हातावर ससाणा द्यावा, असे शंभर वर्षांनंतरच्या चित्रकाराला व त्याच्या आश्रयदात्याला स्वाभाविक वाटत होते. पक्षी हे राजेपणाचे चिन्ह झाले होते आणि ते स्त्रीलाही शोभत होते.

मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांच्या यादीत ‘शिकारखाना’ येतो. पेशवाईत पुण्यात पर्वतीच्या परिसरात शिकारखाना होता आणि प्राण्यांची हौस असलेल्या सवाई माधवरावांच्या काळात तेथे नाना प्रकारची जनावरे ठेवलेली होती. म्हणजे शिकारीची जनावरे व पक्षी सांभाळणे हे राज्यकारभाराचे एक स्वतंत्र खाते होते. खाते म्हटले की नेमणुका, वेतन, शिधा आणि हिशेब आले. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

भाषेनेही या परंपरेची साक्ष जपून ठेवली आहे. ‘बाज’ आणि ‘शाहीन’ हे शब्द फारसीतून आले, ‘बहिरी’ हा ‘बहरी’, म्हणजे समुद्राशी संबंधित, या अरबी मुळाच्या शब्दावरून आला. ‘ससाणा’ या शब्दाचे नाते मात्र संस्कृत कोशांतील ‘शशादन’, म्हणजे ससे खाणारा, या श्येनवाचक शब्दाशी जोडता येते. ‘बहिरी ससाणा’ या एका जोडशब्दात दरबाराची भाषा व देशी भाषा शेजारी शेजारी नांदत आहेत. बहिरी म्हणजे ऐकू न येणारा असा अर्थ विद्यार्थी सर्रास लावतात, त्यांना ही व्युत्पत्ती अवश्य सांगावी.

गरुड का नाही?

दख्खनमध्ये घोडा होता, शिकारी पक्षी होता, मग गरुड का नव्हता? याची कारणे प्रामुख्याने चार आहेत.

पहिले कारण प्राणिभूगोलाचे. सोनेरी गरुड भारतात हिमालयीन प्रदेशातच आढळतो. दक्षिणेत वेगळ्या जातींचे गरुड आहेत, परंतु लांडग्या-कोल्ह्यांवर सोडता येईल असा तो विशालकाय पक्षी येथे नाही.

दुसरे कारण गरजेचे. अल्ताई पर्वताच्या प्रदेशात हिवाळ्यात कोल्ह्याची लोकर दाट होते आणि तिची टोपी व अंगरखा ही जीवनावश्यक वस्तू असते. दख्खनच्या हवामानात लोकरी कातड्याची अशी निकड नाही. येथील शिकाऱ्याला तितर, लावे, बगळे, करकोचे असे पक्षी हवे होते, आणि त्यासाठी ससाणा, बाज व शिक्रा पुरेसे होते.

तिसरे कारण पर्यायाचे. माळरानावरील काळविटासारखे मोठे जनावर धरण्यासाठी भारतीय दरबारांनी गरुडाऐवजी चित्ता शिकविला. कोल्हापूर संस्थानात चित्त्याकडून काळविटाची शिकार करण्याची परंपरा विसाव्या शतकातही चालू होती. देशी चित्ते दुर्मीळ झाल्यावर आफ्रिकेतून चित्ते आणविले जात. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले, आणि १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले.

चौथे कारण भूरचनेचे आहे आणि ते पुणे जिल्ह्यात एका दिवसाच्या प्रवासात पाहता येते. जिल्ह्याच्या पश्चिमेस मुळशी, ताम्हिणी, तैलबैला हा घाटमाथ्याचा प्रदेश. ताम्हिणी परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दाट रान, खोल दऱ्या आणि तुटलेले कडे अशा या मुलखात घोडा दौडविता येत नाही आणि सोडलेला पक्षी दृष्टीआड होतो. पूर्वेस बारामती-इंदापूरकडे पर्जन्यछायेतील माळराने लागतात. तेथे नजर दूरवर पोहोचते, घोडा धावतो, जमिनीवर राहणारे पक्षी विपुल असतात. श्येनमृगयेचे क्षेत्र म्हणून पूर्वेचा हा माळच योग्य. मात्र ज्या शाही ससाण्याला या विद्येत मान होता, तो घरटे करतो पश्चिमेच्या उभ्या कातळकड्यांच्या कपारींत. सूर मारताना ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेग गाठणाऱ्या या पक्ष्याला खाली मोकळी पोकळी असलेली उंच बैठक लागते, आणि सह्याद्रीच्या बेसॉल्टी कड्यांनी ती पुरविली आहे. मुळशी हे ससाण्याचे माहेर होय, त्याच्या शिकारीचे मैदान नव्हे, असे म्हणावयास हरकत नाही.

परंपरा का लोपली?

कझाक गरुडधारी आणि दख्खनचे बाजदार यांत सामाजिक रचनेचा मूलभूत फरक होता. अल्ताईमध्ये गरुड कुटुंबाच्या मालकीचा असतो. वडील तो मुलाला, आणि अलीकडे मुलीलाही, हाताळावयास शिकवितात, त्यामुळे राज्ये बदलली तरी विद्या घरात टिकते. दख्खनमध्ये ती प्रामुख्याने दरबाराच्या खात्यात होती. खाते मोडले की वेतन थांबले, आणि वेतन थांबले की पुढील पिढीने ती विद्या शिकण्याचे कारणच उरले नाही. बंदुकीने शिकारीची पद्धत बदलली, माळराने नांगराखाली आली आणि संस्थानांच्या विलीनीकरणाने उरलासुरला आश्रयही संपला. भारतात ही विद्या जाणणाऱ्या अखेरच्या नामवंतांत भावनगरच्या राजघराण्यातील पक्षितज्ज्ञ धर्मकुमारसिंहजी यांचे नाव घ्यावे लागते.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. हातावर पक्षी घेतलेला राजा चित्रात अमर झाला. पण तो पक्षी जाळ्यात धरून आणणारा, त्याच्या सवयी जाणणारा माणूस कोठे गेला? रानातील पाखरे धरण्याचे कसब ज्यांच्या हातात होते, अशा भटक्या समाजांपैकी अनेकांवर १८७१च्या कायद्याने सुरू झालेल्या धोरणातून जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. महाराष्ट्रातील फासेपारधी समाजाला ज्या फाशांवरून नाव मिळाले ते पाखरे धरण्याचेच साधन होते. १९५२मध्ये हा कायदा रद्द झाला, तरी शिक्का पुसला गेला नाही. शिकार हा राजाचा विनोद आणि पारध्याचा अपराध ठरला, ही विषमता या विषयाच्या प्रत्येक मांडणीत नोंदविली पाहिजे. वारशाचा गौरव करताना केवळ हातमोजा घातलेल्या हाताचा गौरव होऊ नये.

याच कसबाला वेगळी वाट मिळाल्याचे उदाहरणही आपल्याकडे आहे. मुंबई नॅचरल हिस्ट्री सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा पक्ष्यांना इजा न करता पकडून त्यांच्या पायांत कडी घालण्याच्या कामी बिहारमधील मीरशिकार समाजातील परंपरागत पक्षी पकडणाऱ्यांची मदत घेतली गेली. तेच फासे आणि तीच नजर विज्ञानाच्या उपयोगी पडली.

वारसा आणि कायदा

युनेस्कोने २०१० साली मंगोलिया, संयुक्त अरब अमिराती, फ्रान्स यांसह अकरा देशांतील श्येनपालनाला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. २०२१पर्यंत या नोंदीत चोवीस देश सामील झाले. त्यांत पाकिस्तान आहे, भारत नाही. यावरून आपल्याकडेही ही परंपरा पुन्हा सुरू करावी, असा विचार काही विद्यार्थ्यांच्या मनात येणे शक्य आहे. त्याचे उत्तर निःसंदिग्ध असले पाहिजे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये वन्य पक्षी पकडणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. बहिरी ससाणा पहिल्या अनुसूचीत असून अशा प्रजातींबाबत तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. घरट्यातून पडलेले शिक्र्याचे पिल्लू घरी आणून हातावर बसविण्याची हौसही याच कक्षेत येते. असे पिल्लू आढळल्यास वनविभागाला कळविणे हाच योग्य मार्ग होय.

कायद्याने पक्षी धरण्यास मनाई केली, परंतु त्याविषयीचे ज्ञान निरुपयोगी ठरलेले नाही. डीडीटीच्या वापरामुळे बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत त्याची संख्या झपाट्याने घसरली. १९७० साली पक्षितज्ज्ञ टॉम केड यांनी ‘पेरेग्रिन फंड’ ही संस्था स्थापन केली. बंदिस्त अवस्थेत पिल्ले वाढविणे आणि ती टप्प्याटप्प्याने रानात सोडणे यांसाठी संस्थेने श्येनपालकांचेच जुने तंत्र वापरले. १९७२मध्ये तेथे डीडीटीवर बंदी आली आणि १९९९मध्ये हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून वगळण्यात आला. बंदी नसती तर नुसते प्रजनन व्यर्थ गेले असते, आणि प्रजननाचे तंत्र नसते तर ज्या भागांतून पक्षी पूर्ण नाहीसा झाला होता तेथे तो इतक्या लवकर परतला नसता.

समारोप

दख्खनमध्ये गरुडाची नव्हे, तर ससाण्याची श्येनमृगया होती. तिला बाराव्या शतकातील ग्रंथाचा आधार होता, सुलतानशाहीतील घोडेस्वारांच्या चित्रांत ती दिसते, आणि दरबारी आश्रय संपल्यावर ती लोपली. तिचे पुनरुज्जीवन शक्य नाही व इष्टही नाही. परंतु तिने मागे ठेवलेले शब्द, वर्गीकरण आणि निरीक्षणाची शिस्त यांचे अध्यापन शक्य आहे. मराठीच्या प्राध्यापकांनी पक्षिनामांची व्युत्पत्ती, इतिहासाच्या प्राध्यापकांनी दख्खनी चित्रांतील पक्षी आणि प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी कड्यांवरील घरट्यांची दुरून करावयाची नोंद असा एकत्रित प्रकल्प घाटमाथ्यावरील कोणत्याही महाविद्यालयाला अल्प खर्चात हाती घेता येईल. दुर्बीण, नोंदवही आणि गावातील जाणत्या गुराख्याची सोबत एवढी सामग्री त्यास पुरे.

या गुराख्याचे नाव मात्र नोंदवहीत त्याच्या संमतीने अवश्य लिहावे. ताम्हिणी अभयारण्य २०१३मध्ये घोषित झाले, पण कोणत्या कपारीत ससाणा बसतो हे त्याआधी कित्येक वर्षे गुरे राखणाऱ्यांना ठाऊक होते. पूर्वीच्या शिकारखान्यांनी अशा माणसांचे ज्ञान घेतले आणि नावे विसरली. विद्यापीठीय संशोधनाने ती चूक पुन्हा करू नये.